हात सगळ्यात शेवटी

गुहागरहून दुपारी तीनला निघालो होतो. चिपळूण, कुंभार्ली घाट, मग कराड असं करत पुण्याला पोचेपर्यंत रात्रीचे साडेदहा वाजले. गाडी घेऊन तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. पार्किंगच्या ट्यूबलाइटखाली उतरल्या उतरल्या लेक म्हणाली, "आई, आपली निळी गाडी लाल झालीये." खरंच झाली होती. दारांचा खालचा अर्धा भाग, मागची काच, नंबर प्लेट, सगळीकडे जांभ्याची तांबडी धूळ बसली होती. ती तशीच रात्रभर गाडीवर राहावी हे काही मला पटेना. सामान वर नेऊन ठेवलं, कपाटातली जुनी सुती ओढणी काढली आणि खाली येऊन सगळी गाडी कोरडीच पुसून काढली. ओढणी शंभरदा धुतलेली, लोण्यासारखी मऊ. वीस मिनिटांत गाडी पुन्हा निळी झाली आणि मी समाधानानं झोपले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसच्या उघड्या पार्किंगमध्ये गाडीकडे येत होते. बॉनेटमध्ये सूर्याचं प्रतिबिंब पडलं होतं आणि त्याच्याभोवती बारीक चंदेरी रेघांची गोल गोल जाळी पसरली होती. मी एक पाऊल डावीकडे सरकले, तर जाळीही माझ्याबरोबर सरकली. बोटानं पुसून पाहिलं, जाळी तिथेच. दारांवरही होती. काळजात चर्र झालं. कुणी किल्लीनं ओरखडा काढला असता तर निदान रागवायला कुणी तरी मिळालं असतं. इथे रेघ न् रेघ माझ्याच हातची होती, आणि तीही मायेनं काढलेली.

गाड्यांचं रंगकाम करणाऱ्या एका कारागिराकडे गाडी नेली. त्यांनी आधी टॉर्च धरून सगळी जाळी दाखवली, मग रंगाची जाडी मोजायचं काडेपेटीएवढं यंत्र दारावर टेकवलं. आकडा आला ११२. म्हणजे ११२ मायक्रॉन, एका मिलिमीटरचा जेमतेम नववा भाग. पत्र्याला गंज चढू नये म्हणून दिलेला पहिला थर, त्यावर प्रायमर, त्यावर निळा रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट, एवढं सगळं त्या ११२ मध्ये बसलेलं. त्यातला क्लिअर कोट साधारण चाळीस-पन्नास मायक्रॉनचा. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. म्हणजे गाडीची सगळी चकाकी आपल्या केसाहूनही पातळ अशा एका थरावर उभी असते. मला हे ठाऊकच नव्हतं. गाडी म्हणजे लोखंड, तिला काय होणार, असंच डोक्यात होतं.

"पण ओढणी तर इतकी मऊ होती," मी म्हटलं.

"ताई, ओढणीनं गाडी पुसलीच नाहीत तुम्ही," ते म्हणाले. "धुळीनं पुसलीत. ओढणीनं फक्त धूळ धरून ठेवली."

हे वाक्य माझ्या मनात रुतलं ते अजून तसंच आहे. फडकं किती मऊ यापेक्षा फडक्याखाली काय अडकलंय ते महत्त्वाचं. कोकणातली धूळ लोखंडाच्या गंजानं लाल झालेली. आपल्याकडे देशावर काळ्या पाषाणाची भुकटी, बांधकामाची वाळू, सिमेंट. वाळूतला गारगोटीचा कण खिडकीच्या काचेवरही रेघ ओढू शकतो, तिथे गाडीच्या क्लिअर कोटची काय कथा. घरी खात्री करायची असेल तर रोजच्या वापरातलं स्टीलचं ताट उन्हात धरून पाहा. वर्षानुवर्षं काथ्यानं घासलेल्या ताटावर हीच जाळी दिसते. गंमत अशी, की त्या रेघा गोल नसतातच. त्या वाटेल त्या दिशेला गेलेल्या असतात, पण उजेडाच्या ठिपक्याभोवती ज्या आडव्या पडलेल्या असतात तेवढ्याच चमकतात, म्हणून डोळ्याला गोल भासतात.

"पॉलिश करून जाईल ना?" मी विचारलं. जाईल, ते म्हणाले, पण पॉलिशनं रेघ भरत नाही. रेघेच्या आजूबाजूचा थर घासून तो रेघेच्या तळापर्यंत खाली आणायचा, म्हणजे रेघ दिसेनाशी होते. प्रत्येक वेळी दोन-चार मायक्रॉन जातात आणि ते परत येत नाहीत. चाळीस-पन्नासातले दोन-चार. मी पॉलिश न करताच गाडी घरी आणली. आधी धुवायला शिकायचं, मग पॉलिशचं बघू, असं ठरवलं.

माझी आजी, आईची आई, उदगीरला राहायची. तिचं सणावाराचं रेशमी सोवळं धुवायचा एक सोहळाच असे. आदल्या रात्री पितळी पातेल्यात रिठे भिजत घातलेले. सकाळी ते हातानं कुस्करून, बिया काढून, पाणी फेटायचं. तपकिरी पाण्यावर पांढराशुभ्र फेस चढायचा, इतका की पातेल्याच्या काठावरून खाली ओघळायचा. आम्हा मुलांना त्या फेसात हात घालायला फार आवडे, पण सोवळ्याला हात लावायची परवानगी नव्हती. आजी ते हळूच त्या पाण्यात सोडायची आणि परसात दुसरं काहीबाही करायला निघून जायची. बऱ्याच वेळानं येऊन ते नुसतं खालीवर करायची. एकदा मी मदतीच्या उत्साहात काठ चोळायला घेतला तर तिनं माझं मनगट धरलं. "रेशीम चोळायचं नसतं गं. बुचकळायचं. मळ आपला आपण सुटतो."

रिठ्यात सॅपोनिन नावाचं द्रव्य असतं, त्यामुळे फेस येतो. त्याच्या कणाचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं आणि दुसरं तेलाकडे. तेलकट मळाला ते एका टोकानं धरतं, दुसऱ्या टोकानं पाण्यात उचलून घेतं. सराफ मंडळी दागिने रिठ्याच्या पाण्यात धुतात ती याच कारणानं. सोनं घासून झिजवणं कुणाला परवडणार? गाडीचा शाम्पू कारखान्यात बनतो, त्याला लिंबाचा नाही तर चेरीचा वास असतो, पण काम तेच. मळाच्या कणाभोवती निसरडं पांघरूण घालायचं आणि पत्र्यावरची त्याची पकड सैल करायची. त्याला लागतो तो वेळ. आणि नेमका तोच मी ओढणीला दिला नव्हता.

फोम गन, म्हणजे नळाच्या पाण्यात शाम्पू मिसळून गाडीवर फेस मारणारी पिचकारी, घेतली ती याच विचारानं. नऊशे रुपयांची, एक लिटरची बाटली, वर पिस्तुलासारखा दांडा, शाम्पूचं प्रमाण कमीजास्त करायला एक चकती. पार्किंगमधल्या अर्ध्या इंची नळाला ती जोडताना मात्र एक अख्खा रविवार गेला. नळाच्या तोंडावर टेफ्लॉन टेपचे वेढे, त्यावर आटे, पाइपवर आवळायची क्लिप, मग क्विक कनेक्टर. दोनदा पाइप सटकून माझ्यासकट शेजारच्यांची स्कूटर भिजली. बाबा जिन्याच्या पायरीवर बसून पाहत होते. ते आता आमच्याकडेच असतात. शेवटी त्यांनी गन हातात घेतली, बाटली काढून आतली बारीक नळी पाहिली, पितळी भोकातून उजेडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "अगं, हा तर कार्ब्युरेटर आहे."

बाबांची १९९२ ची मारुती ८०० होती. रविवारी सकाळी तिचा कार्ब्युरेटर खोलून पेट्रोलमध्ये धुणं हा त्यांचा आवडता उद्योग. त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. पाणी अरुंद जागेतून जाताना वेग घेतं, वेग वाढला की तिथला दाब उतरतो आणि त्या उतरलेल्या दाबानं बाटलीतला शाम्पू नळीतून वर ओढला जातो. व्हेंच्युरी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञानं १७९७ साली हे मांडलं. कार्ब्युरेटरमध्ये हवा पेट्रोल ओढते, इथे पाणी शाम्पू ओढतं. आपल्या स्वयंपाकघरातला गॅसचा बर्नरसुद्धा बाजूच्या भोकांतून हवा अशीच खेचतो. शाम्पूचं पाणी पुढे हवेत मिसळून बारीक जाळीतून बाहेर पडतं आणि त्याचा फेस होतो.

पहिल्यांदा खटका दाबला तेव्हा मात्र हिरमोड झाला. व्हिडिओत दिसतो तसा दाढीच्या क्रीमसारखा फेस आलाच नाही. आला तो ताकावरच्या फेसासारखा, पातळ, लगेच ओघळणारा. कारण साधं आहे. आमच्या इमारतीला चार मजले, गच्चीवरची टाकी पार्किंगच्या नळापासून पंधराएक मीटर उंच. दर दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब मिळतो, म्हणजे आमच्या नळाला दीड बार. व्हिडिओतला जाड फेस येतो तो प्रेशर वॉशरला, म्हणजे पाणी जोरात मारणाऱ्या विजेच्या यंत्राला, जोडलेल्या फोम कॅननमधून, आणि त्या यंत्राचा दाब शंभर बारच्या वर असतो. नळाची गन आणि यंत्राची कॅनन या दोन वेगळ्या वस्तू आहेत. विकत घेण्यापूर्वी एवढं माहीत असलं तर निराशा टळेल.

दीड वर्ष वापरल्यावर माझं मत असं झालंय, की आपल्या घरच्या कामाला पातळ फेसच बरा. जाड फेस दिसायला देखणा, पण तो बराच वेळ जागच्या जागी बसून राहतो. पातळ फेस हळूहळू खाली सरकतो आणि सरकताना धूळ घेऊन जातो. दाराच्या काठाशी डोळा नेऊन पाहिलं तर हे स्पष्ट दिसतं. पांढऱ्या थराच्या खालच्या कडेला आधी करडी किनार येते, ती गडद होते, मग थेंब जड होऊन सुटतो आणि मागे एक स्वच्छ ओली वाट राहते. कोकणातून आल्यावर ती किनार विटकरी असते. हे बघत पाच मिनिटं उभं राहायला मला खरंच आवडतं. त्या पाच मिनिटांत गाडीला हात लावायचा नाही. सुरुवातीला फार जड गेलं ते. स्पंज हातात, समोर डाग दिसतोय, आणि घासायचं नाही.

आता माझी पद्धत ठरून गेलीये. सकाळी साडेसहाला, ऊन यायच्या आत. बॉनेटला हाताची मागची बाजू लावून पाहते. कोमट लागलं तरी थांबते, कारण तापलेल्या पत्र्यावर शाम्पू वाळतो आणि त्याचे डाग पडतात. आधी चाकं. ब्रेकची काळी भुकटी म्हणजे बराचसा लोखंडाचा चुराच, म्हणून चाकांचा ब्रश आणि बादली वेगळी, ती गाडीच्या अंगाला कधीच लागत नाही. मग नुसत्या पाण्यानं टपापासून खाली, सुटी धूळ जाईल तेवढी जाऊ द्यायची. मग फेस. पाच मिनिटं. पुन्हा पाणी. आणि एवढं झाल्यावरच हात लावायचा. इथे काही जण फसतात. त्यांना वाटतं फेस मारला, पाणी मारलं, झाली गाडी धुऊन. तसं होत नाही. धुरकट तेलकट पापुद्रा उरतोच आणि त्याला हलका हात लागतोच. पण आता त्या हाताखाली खडे नसतात.

हातात मायक्रोफायबरचा मिट, म्हणजे गाडी धुवायचा मऊ हातमोजा. दोन बादल्या, एक शाम्पूची आणि एक नुसत्या पाण्याची. मिट शाम्पूत बुडवायचा, एक भाग सरळ रेषेत पुसायचा, मग नुसत्या पाण्यात खंगाळून पुन्हा शाम्पूत. नुसत्या पाण्याच्या बादलीत तळाशी मी जुनी प्लास्टिकची चाळणी उपडी ठेवते. मिट तिच्यावर घासला की कण भोकांतून खाली जातात आणि तिथेच राहतात. धुऊन झाल्यावर ती चाळणी उचलून तळ पाहावा. चमचाभर काळी रेव असते. एरवी हीच रेव मी बॉनेटवर फिरवत असते, हा विचार दर वेळी येतो. टप, काचा, बॉनेट, दारांचा वरचा भाग आणि सगळ्यात शेवटी दारांचा खालचा भाग, कारण सगळ्यात जास्त चिखल तिथे. मिट जमिनीवर पडला तर तो त्या दिवसापुरता बाद. पहिल्या महिन्यात मी एकदा तो उचलून, झटकून वापरला होता. डाव्या मागच्या दारावर त्याची खूण आहे.

शाम्पूबद्दल एवढंच, की तो गाडीचाच असावा. बाबा मारुती कपड्यांच्या पावडरनं धुवायचे. ती पावडर चांगलीच अल्कधर्मी असते, कपड्यातला मळ काढायला तसंच लागतं. मारुतीचा पांढरा रंग पाच-सहा वर्षांत खडूसारखा झाला होता. हात फिरवला की तळव्याला पांढरं लागायचं. भांड्यांचा साबण गाडीवरचं मेण उतरवून टाकतो. गाडीचा शाम्पू बहुतेक उदासीन असतो, ना आम्ल ना अल्क, आणि बाटलीभर बरेच महिने पुरतो.

पुसताना माझी आणखी एक सवय मोडली. मोठा जाड टॉवेल बॉनेटवर पसरायचा, वरून तळवा नुसता टेकवायचा आणि टॉवेल उचलायचा. ओढायचा नाही. पाणी तो आपण होऊन पितो. पुण्यात टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर हे काम रेंगाळत ठेवून चालत नाही, कारण पाणी वाळलं की क्षार मागे राहतात आणि गोल पांढरे ठिपके बसतात. टॉवेल धुताना सुती कपड्यांबरोबर टाकायचे नाहीत, आणि कपडे मऊ करायचं ते सुगंधी द्रावण तर अजिबात नको. त्यानं त्यांची पाणी पिण्याची ताकद जाते. शेवटी गाडी सोसायटीतच एक चक्कर फिरवून आणायची आणि दोन-चारदा ब्रेक दाबायचा, म्हणजे डिस्कवरचं पाणी उडून जातं. हो, आणि फरशीवर फेस सांडला की ती तेलासारखी होते. मी पायाखाली गोणपाट अंथरते. प्रेशर वॉशर वापरणाऱ्यांनी ओल्या जमिनीवर विजेचा जोड पडू देऊ नये, एवढं आवर्जून सांगते.

हे सगळं करताना पाण्याचा विचार मनातून जात नाही. आम्ही लातूर भागातले. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, साधारण पाच लाख लिटर. बाबा तेव्हा लातूरलाच होते. फोनवर ते हवापाण्याचं, तब्येतीचं काही बोलायचे नाहीत. आज घागरी किती मिळाल्या तेच सांगायचे. भांडी विसळलेलं पाणी झाडांना, कपड्यांचं पाणी संडासात. अशा माणसाच्या डोळ्यांसमोर मी रविवारी सकाळी पाइप लावून गाडी धुणार, तर हिशोब चोख हवा. म्हणून मी एकदा मोजलं. आमच्या नळाला १५ लिटरची बादली भरायला सव्वा मिनिट लागतं, म्हणजे मिनिटाला १२ लिटर. पूर्वी पाइप पंधरा मिनिटं सलग चालू असायचा. १८० लिटर. गनचा खटका सोडला की पाणी बंद होतं. आता तिन्ही वेळचं मिळून पाणी चार मिनिटं वाहतं, वर दोन अर्ध्या बादल्या. सगळं मिळून ६५ लिटरच्या आत. तेही दोन आठवड्यांतून एकदा.

एप्रिल-मे मध्ये मी पाइप गुंडाळून ठेवते. तेव्हा दोन लिटरचा हातपंपाचा फवारा बाहेर निघतो, झाडांवर औषध मारायला असतो तसा, फक्त पुढे फेसाची जाळी बसवलेला. दट्ट्या वीस-पंचवीस वेळा मारला की आत पुरेशी हवा भरते. त्याला नळ लागत नाही, टाकीची उंची लागत नाही, आणि खरं सांगायचं तर आमच्या नळापेक्षा त्याचा फेस जास्त चांगला येतो. ज्यांच्याकडे पार्किंगला नळच नाही त्यांनी सरळ हाच घ्यावा. उन्हाळ्यात त्यानं गाडी भिजवायची आणि न विसळता पुसता येईल असं द्रावण घातलेलं बादलीभर पाणी घेऊन, टॉवेलची घडी बदलत बदलत पुसायची. दहा लिटरांत होतं. गाडी चिखलानं भरली असेल तर मात्र ही पद्धत वापरू नये. तेव्हा पावसाळा येईपर्यंत गाडी मळकी राहिली तरी चालेल. बंगळुरूत २०२४ च्या मार्चमध्ये पिण्याच्या पाण्यानं गाडी धुण्यावर पाच हजारांचा दंड लावला होता. माझा भाऊ तिथे राहतो. त्याची पांढरी गाडी तेव्हा तीन महिने करडी होती आणि त्यानं ती कोरड्या फडक्यानं पुसली नाही, याचा मला अभिमान वाटला.

आता दादांबद्दल. आमच्याकडे रोज पहाटे पाचला एक दादा गाड्या पुसायला येतात. अठ्ठावीस गाड्या, आठच्या आत. पहाटे पार्किंगच्या पाण्याचा व्हॉल्व्ह कुलपात, त्यामुळे पंपाच्या खोलीतून बादली भरून आणावी लागते, आणि एका बादलीत पाच-सहा गाड्या. सहाव्या गाडीपर्यंत ते पाणी चहाच्या रंगाचं होतं. माझ्या गाडीवरच्या सगळ्याच रेघा काही माझ्या ओढणीच्या नव्हत्या. पण त्याचा दोष मी त्यांना देऊ शकत नाही. गाडीमागे महिन्याला सहाशे रुपयांत, अंधारात, एकाच बादलीनं ज्यानं अठ्ठावीस गाड्या चकचकीत दाखवायच्या, त्यानं कुठल्या हिशोबानं दोन बादल्या आणि चाळणी वापरावी? व्यवस्थाच तशी लावलीये आपण.

मी एका पहाटे मुद्दाम लवकर खाली गेले. "दादा, माझी गाडी रोज नका पुसू. पैसे तेवढेच देईन."

त्यांनी फडकं पिळता पिळता वर पाहिलं. "काही चुकलं का ताई?"

"नाही हो. रंगावर रेघा पडतात, धूळ असते ना वर. मी रविवारी धुते."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पण ताई, नुसती ठेवली तर लोकांना वाटतं आज आला नाही."

मला त्यांचं म्हणणं लगेच कळलं. त्यांच्या येण्याचा पुरावा म्हणजे काचेपासून उचलून ठेवलेले वायपर. पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीत सकाळी गेलात तर उभे वायपर दिसतील. गाडी पुसून झाली, ही त्या माणसाची सही असते. ती सही मी पुसून टाकायला निघाले होते. मग आमचं असं ठरलं, की त्यांनी फक्त काचा पुसायच्या, मी दिलेल्या वेगळ्या टॉवेलनं आणि ताज्या पाण्यानं, आणि वायपर उभे करायचे. पत्र्याला हात नाही. आज दीड वर्ष झालं, रोज सकाळी माझे वायपर उभे असतात. पलीकडच्या काळ्या गाडीच्या मालकांनीही गेल्या दिवाळीपासून तसंच सुरू केलंय. सोसायटीच्या बैठकीत पहाटे दोन तास व्हॉल्व्ह उघडा ठेवायचा विषय मी तीनदा मांडला. अजून मंजूर झालेला नाही. चौथ्यांदा मांडणार आहे.

गेल्या दसऱ्याला बाबांनी गाडीची पूजा केली. झेंडूचा हार बॉनेटवर घासू नये म्हणून मी तो आतून, काचेमागे आरशाला बांधला, ते त्यांनी मान्य केलं. पण स्वस्तिक गाडीवरच काढणार म्हणाले, आणि ते योग्यच होतं. त्यांनी वाटीत हळद कालवली, कुंकू घेतलं आणि अनामिकेनं बॉनेटच्या मधोमध सावकाश स्वस्तिक काढलं. हात थोडा थरथरतो आता त्यांचा. चारही ठिपके दिले, अक्षता वाहिल्या, नारळ फोडला. मी शेजारी निरांजन धरून उभी होते आणि त्या निळ्या रंगावरचं ते पिवळं-तांबडं स्वस्तिक मला फार सुंदर दिसलं.

पुढच्या रविवारी बाबा नेहमीप्रमाणे पायरीवर येऊन बसले. चाकं झाली, पाणी मारून झालं, अक्षतांचे वाळलेले दाणे गळून पडले. मी बॉनेटवर फेस मारला आणि स्वस्तिक त्याखाली दिसेनासं झालं. दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला फेसाच्या मधोमध गुलाबी रंग वर आला, पसरला आणि धारेनं नंबर प्लेटकडे ओघळायला लागला. माझा हात सवयीनं बादलीकडे गेला असावा, कारण बाबा मागून म्हणाले, "थांब. अजून सुटतंय."

पाणी मारलं तेव्हा कुंकू पार गेलं होतं. हळदीची मात्र फिकट पिवळी रेघ राहिली, एका पायाची, बाबांनी जिथे बोट जरा जास्त दाबलं होतं तिथली. मिटचा एक हलका हात फिरवला, तरी राहिली. मग मी ती तशीच ठेवली. ऑफिसच्या पार्किंगमध्ये सावली नाही, दिवसभर ऊन असतं, आणि हळद उन्हात उडते. गुरुवारी संध्याकाळी पाहिलं तेव्हा ती गेली होती.